पाणी पिणारा खडक

सरांनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला. टेबलावर तळहाताएवढा करडा खडकाचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "यात तेल आहे की नाही?"

मी तो उचलला, नाकाशी नेला, खिडकीजवळ जाऊन भिंगातून पाहिला. वास नव्हता, डाग नव्हता, एकही छिद्र दिसत नव्हतं.

"दिसत तरी नाही," मी म्हणाले.

"दिसतंय का, असं मी विचारलं नव्हतं," सर म्हणाले. मग चष्मा काढून रुमालाने पुसला आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

मी मूळची चंद्रपूरकडची. वडील कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. त्यामुळे जमिनीखाली काहीतरी असतं आणि त्यासाठी माणसं खाली उतरतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पुण्याला येऊन भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढची सहा वर्षं एका आयटी कंपनीत नकाशे रंगवले. परदेशातल्या रस्त्यांचे, गटारांचे, विजेच्या तारांचे. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकलेल्याला बहुतेकदा खडक सोडून बाकी सगळं काम मिळतं. लग्न झालं, वारज्यात राहायला गेलो. एक दिवस कॉलेजातल्या जुन्या बाईंनी सांगितलं, कोथरूडला एक निवृत्त तेलशास्त्रज्ञ मदतनीस शोधताहेत, पण त्यांच्याकडे कोणी टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले.

ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली अकरावी-बारावीचा क्लास होता आणि तिथल्या मास्तरांचा माइक दुपारभर आमच्या फरशीतून वर येई. सर म्हणत, "चार वर्षं हा माणूस तीच चूक शिकवतोय, पण आवाज किती खणखणीत आहे बघ." सत्तरी ओलांडली होती, पण रोज पहाटे टेकडी चढून येत आणि साडेनऊला ऑफिस उघडत. मला अगंतुगं करत. रागावले की मात्र 'आपण' म्हणत. "आपण फार मोठ्या तज्ज्ञ आहात," असं त्यांनी म्हटलं की समजायचं, आज काही खरं नाही.

तो करडा तुकडा कुठला, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. सर तेव्हा पस्तिशीत होते. एका तेल कंपनीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून उत्तर गुजरातेत विहिरीवर होते. तेलविहीर खणताना मधूनमधून खडकाचा सलग दंडगोल वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. त्या दिवशी आलेला कोअर शेलचा होता, म्हणजे जुन्या चिखलाचा दगड. त्यात मधेमधे बारीक रेतीच्या रेघा. कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तेल मिळतं ते वालुकाश्मात, जिथे कणांमध्ये मोकळी जागा असते आणि तेल हलू शकतं. शेलमध्ये तेल जन्माला येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. सरांनी कोअर पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवला आणि जेवायला गेले. परत आले तर त्या रेतीच्या रेघांवर तपकिरी थेंब उभे होते. एकेक थेंब, बऱ्याच वेळाने एक.

"दगडाला घाम फुटला होता," सर सांगत. "मी साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी चिंधीने तो पुसला आणि म्हणाले, दगड थकलाय, तुम्हीही थकलात, जाऊन झोपा."

सरांनी टिपण लिहिलं, पुन्हा चाचणी घ्या म्हणून विनवलं. विहीर कोरडी ठरली, सिमेंट भरून बंद झाली. त्या काळी असल्या खडकातून तेल काढायची सोयही नव्हती. नंतर परदेशात ती निघाली. विहीर खाली नेऊन आडवी वळवायची, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडायचा, आणि भेगा मिटू नयेत म्हणून वाळूचे कण त्यांत टेकूसारखे अडकवून ठेवायचे. या फोडण्याला 'फ्रॅक करणं' आणि असल्या तेलाला सगळे 'टाइट ऑइल' म्हणू लागले. एका पत्रकाराने त्याचं मराठीत 'घट्ट तेल' केलं, तेव्हा सरांनी त्याला पत्र पाठवलं होतं: तेल घट्ट नसतं, खडक घट्ट असतो, कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती करावी. दुरुस्ती आली नाही.

मी रुजू होण्याच्या थोडं आधी एका खाजगी कंपनीने तिकडचा पट्टा शोधकामासाठी घेतला होता. सरांची बंद केलेली विहीर त्याच पट्ट्यात होती. त्या शेलच्या थरात काढण्याजोगं तेल आहे का, याचा अहवाल त्यांना हवा होता आणि जुन्या कागदांत सरांचं नाव सापडल्यामुळे त्यांनी सरांना गाठलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी कोणीतरी त्यांना तो प्रश्न विचारत होतं. मदतनीस त्यासाठीच हवा होता.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. आजूबाजूच्या जुन्या विहिरींचे कोअर लाकडी पेट्यांतून ट्रकने आले. जिन्यावरून पेट्या चढवताना क्लासची मुलं थांबून बघत होती. आतल्या खोलीत आम्ही सगळी फरशी रिकामी केली आणि खडक जमिनीत वरून खाली असतात त्या क्रमाने मांडत गेलो. सर गुडघ्यांखाली उशी घेऊन बसत. कुठल्या थरात समुद्र उथळ होता, कुठे नदीने गाळ आणून टाकला, कुठे पाणी कुबट, बिनप्राणवायूचं झालं आणि शेवाळ न कुजता तळाशी साठत गेलं, ते बोटाने दाखवत. ते शेवाळच पुढे खाली खाली दाबलं जाऊन, तापून तेल झालं. "आणि या सगळ्याच्या तळाशी काय आहे सांग," ते म्हणाले. मला ठाऊक होतं, पण त्यांना सांगायचं होतं म्हणून मी गप्प राहिले. "आपल्या टेकडीचा काळा कातळ. तोच. इथे माझ्या पायाखाली असतो, तिथे तेलाच्या खाली."

चांगलं ते तेवढंच. नंतर मी खडकाचे पातळ छेद करून आणले, कागदाहून पातळ, काचेवर चिकटवलेले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहायला सुरुवात केली. तेल होतं, याबद्दल शंका नव्हती. रेतीच्या रेघांत ते तपकिरी दिसत होतं. पण त्या रेघा सलग नव्हत्या. एका विहिरीत बोटभर जाड, तर शेजारच्या विहिरीत मुळीच नाही. आणि रेघांच्या वर-खाली जे होतं ते मऊ होतं. फुटायला खडक ठिसूळ लागतो, काचेसारखा. हा चिखलाच्या बाजूचा होता. प्रयोगशाळेतून खनिजांची मोजणी आली, तीही तेच सांगत होती. त्यात एक जात अशी होती की ती पाणी पिऊन फुगते.

माझा कागदावर विश्वास बसेना. एका सकाळी मी कोअरचा खडा घेतला, चहाच्या काचेच्या ग्लासात नळाचं पाणी भरलं, खडा त्यात सोडला आणि ग्लास खिडकीत ठेवला. अर्ध्या तासात कडा ढिल्या झाल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खडा उरलाच नव्हता. तळाशी बोटभर चिखल होता आणि वरच्या पाण्यावर एक अगदी पातळ रंगीत तवंग.

सर डबा धुऊन आले आणि त्यांनी ग्लास पाहिला. बराच वेळ पाहिला.

"चहाचा ग्लास आहे तो," ते म्हणाले.

"सर, आपण याच खडकात दाबाने पाणी सोडायला सांगणार आहोत."

"पाण्यात क्षार घालतात. फुगत नाही मग. हे आपल्याला माहीत असेलच."

'आपल्याला' ऐकून मी थांबायला हवं होतं. पण बोलत राहिले. क्षार घातला तरी खडक मऊच राहणार. भेगेत वाळू अडकवली तरी कण दोन्ही बाजूंनी मऊ खडकात रुतत जातील आणि भेग मिटेल. सुरुवातीला तेल येईल, मग बंद होईल. आणि रेतीच्या रेघा सलग नसल्यामुळे आडवी विहीर बहुतेक चिखलातूनच जाईल. मी हे सगळं छेदांचे फोटो दाखवत सांगितलं. माझा आवाज चढला होता, हे मला खालच्या माइकचा आवाज थांबल्यावर कळलं.

सर शांतपणे ग्लास उचलून गॅलरीत गेले आणि त्यांनी चिखल तुळशीच्या कुंडीत ओतला. परत येऊन म्हणाले, "मी तेल बाहेर येताना पाहिलंय. दाब नाही, पाणी नाही, काही नाही. आपोआप. आपण पाहिलंत?"

"नाही."

"मग झालं."

आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. मग सरांनी तोडगा काढला. माझा मजकूर अहवालात राहील, पण मुख्य भागात नाही. तिसरं परिशिष्ट म्हणून शेवटी जोडायचा, तक्त्यांच्या मागे. मुख्य भागात एक वाक्य येईल, 'चिकणमातीच्या प्रमाणाबाबत परिशिष्ट पाहावे.' त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहून माझ्यासमोर ठेवलं. "यात काही खोटं आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही. खोटं काहीच नव्हतं. मी सही केली.

परिशिष्टं कोणी वाचत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

कंपनीशी शेवटची बैठक व्हिडिओवर झाली. स्क्रीनवर चारपाच चौकोन होते आणि त्यांतल्या एका चौकोनात त्यांची भूगर्भतज्ज्ञ, माझ्याहून तरुण मुलगी. सरांनी तासभर मांडणी केली. इतकं सुंदर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तो करडा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, चाळीस वर्षांपूर्वीची दुपार सांगितली. पलीकडचे लोक कामं थांबवून ऐकत होते. संपल्यावर त्या मुलीने विचारलं, "तिसऱ्या परिशिष्टात क्लेचं प्रमाण बरंच दिसतंय. फ्रॅक केल्यावर अडचण येईल का?"

तिने वाचलं होतं.

सर बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला मॅडमना विचारायचंय. तो भाग त्यांचा आहे ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर स्क्रीनकडे पाहत होते. त्यांचा हात त्या तुकड्यावर होता आणि बोटं आपोआप त्याच्या कडा चाचपत होती. मी त्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "क्षारयुक्त पाणी वापरलं तर आटोक्यात राहील."

"ओके, थँक्स," ती म्हणाली आणि तिने काहीतरी लिहून घेतलं.

त्या दिवशी सरांनी क्लासच्या कोपऱ्यावरून सामोसे मागवले. मी एक खाल्ला. घरी वारज्याला पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, कशी झाली मीटिंग? मी म्हणाले, छान. डोकं दुखतंय सांगून पडून राहिले.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीने विहीर खणली. सरांच्या जुन्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. सरांनी तिकडे जायचं ठरवलं तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला फोनवर म्हणाल्या, "ह्यांना समजावून काही उपयोग नाही. तू बरोबर जा. गोळ्या तुझ्याकडे देते, ह्यांच्याकडे दिल्या तर खिशातच राहतील." काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कोणाला किती सांगायचं, याचा त्यांचा हिशोब पक्का होता.

आम्ही पोचलो तेव्हा खडक फोडून झाला होता. सगळीकडे एरंडाची शेतं, आणि मधे रिकाम्या केलेल्या जागेत टाक्या, पाइप, जनरेटरचा गोंगाट. आधी नुसतं आत सोडलेलं पाणी परत येत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याबरोबर तेल आलं. तिथल्या इंजिनियरने नमुन्याची बाटली आणून सरांच्या हातात दिली. सरांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि वास घेतला. त्यांचा चेहरा मला तेव्हा नीट पाहता आला नाही, कारण त्यांनी पाठ वळवली होती. ते एरंडाच्या बांधापर्यंत चालत गेले आणि तिथेच उभे राहिले. मी गोळ्यांची पिशवी घेऊन लांब थांबले. मला वाटलं, मीच चुकले असेन. खरं सांगायचं तर मी तशी प्रार्थनाच करत होते. आपलं चुकावं, हे जितक्या मनापासून मागितलं तितक्या मनापासून मी दुसरं कधीच काही मागितलं नाही.

कोणीतरी पेढे आणले. सगळ्यांनी सरांना नमस्कार केला. एका साहेबांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

तेल अकरा दिवस आलं. त्यातले नऊ दिवस आम्ही तिथे होतो, तोपर्यंत आकडा रोज थोडाथोडा उतरत होता. सर म्हणायचे, विहीर स्थिरावतेय. सहाव्या दिवशी बाटलीच्या तळाशी करडा गाळ दिसला. मी बाटली उजेडाकडे धरली, तर सर म्हणाले, "ठेव ती खाली." आठव्या दिवशी बाटलीत अर्ध्याहून जास्त गाळ होता. त्या सकाळी ते खुर्ची घेऊन विहिरीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर बसले, आणि दुपारच्या उन्हातही उठले नाहीत. मी पाण्याची बाटली नेऊन दिली. "भेगा मिटताहेत," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, जणू दुसऱ्या कोणाच्या विहिरीबद्दल. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं की उद्या निघू.

परतीच्या गाडीत अहमदाबादपासून पुण्यापर्यंत त्यांनी तीन वाक्यं उच्चारली असतील. पाणी दे. खिडकी बंद कर. आणि पुणे स्टेशनवर उतरताना, रिक्षा मी बघतो, तू जा.

दोन दिवसांनी कंपनीने कळवलं की तेल थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा खडक फोडायचा प्रयत्न केला, गाळच आला. विहीर बंद झाली. आमच्याशी करार संपल्याचं पत्र आलं, सभ्य भाषेत. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिची त्या प्रकल्पावरून बदली झाल्याचं मी दुसऱ्याच कोणाकडून ऐकलं. विहिरीची शिफारस पुढे नेणाऱ्यांत तिचं नाव होतं. तिला एकदा फोन करावा असं मला किती वेळा वाटलं. नंबर होता. केला नाही.

सर ऑफिसला यायचे थांबले. महिनाभर मी एकटीच जाऊन बसायची. मग काकूंनी सांगितलं की खोल्या सोडायच्या आहेत. कोअरच्या पेट्या कंपनीने परत मागितल्या नाहीत, तेव्हा त्या आम्ही एका कॉलेजला दिल्या. मी पुन्हा नोकरी शोधली. वाघोलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना भूगर्भशास्त्र शिकवायचं काम मिळालं, आठवड्याला चार तास. वारजे ते वाघोली म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या बसमध्ये विचार करायला भरपूर वेळ मिळे आणि मला तोच नको होता.

चार महिने आमचं बोलणं नव्हतं. मग काकूंचा फोन आला. "ह्यांचं हृदय थकलंय म्हणतात डॉक्टर. घरातच असतात. बोलत नाहीत. टेकडीवर जात नाहीत. तू एकदा येऊन जा."

सर गॅलरीतल्या खुर्चीवर होते. पायांवर सूज होती, शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. मी समोरच्या स्टुलावर बसले. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

सर म्हणाले, "तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मला राग आला. इतक्या महिन्यांचा साठलेला. "मी बोलले होते, सर. तुमच्यासमोर ग्लास ठेवला होता. फोटो दाखवले होते."

"मला सांगून काय होणार होतं? मी तर ऐकणारच नव्हतो." ते दमले, थांबले. "त्या मुलीने तुला विचारलं होतं. मला नाही, तुला. तिथे का नाही बोललीस?"

रस्त्यावरच्या पुलावरून मेट्रो गेली.

"म्हाताऱ्याची कीव केलीस," ते म्हणाले. "दुसरं काय. माझी कीव करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले होते. पण त्या स्टुलावर बसल्यावर मला कळलं की ते अर्धंच खरं होतं. मी घाबरले होते. त्यांच्या 'आपण'ला घाबरले होते. नोकरी जाईल, पुन्हा गटारांचे नकाशे नशिबी येतील, याला घाबरले होते. आणि माझ्या त्या भीतीला मी दयेचं नाव दिलं होतं.

मी उठून निघाले तेव्हा ते म्हणाले, "मंगळवारी लॅपटॉप घेऊन ये."

त्यानंतर तीन महिने, आठवड्यातून दोन दुपारी मी त्यांच्याकडे जात असे. आम्ही अहवाल पुन्हा लिहिला. कोणी मागितला नव्हता. पहिल्या पानावर सरांनी मजकूर सांगितला: आधीच्या अहवालात आम्ही काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो चुकीचा ठरेल हे दाखवणारी माहिती तेव्हाच आमच्या हातात होती. मी टाइप करताना थांबले. "'आम्ही' नको, सर, 'मी' लिहू या. दोघांचं वेगवेगळं."

"'आम्ही'च राहू दे," ते म्हणाले. "सह्या दोन होत्या."

तिसरं परिशिष्ट पहिलं प्रकरण झालं. ग्लासातल्या खड्याचा प्रयोग मी पुन्हा केला, पेट्या दिलेल्या कॉलेजातून खडा मागून आणून, या वेळी काकूंच्या स्वयंपाकघरात, घड्याळ लावून, दर दहा मिनिटांनी फोटो काढत. सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि खडा पूर्ण विरघळेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मधेच एकदा म्हणाले, "मग त्या दिवशी घाम कसा फुटला?" मी सांगितलं की कोअर वर येताना त्याच्यावरचा दाब सुटतो, तेव्हा रेतीच्या रेघेतलं थोडं तेल बाहेर ढकललं जातं. तेवढंच असतं ते. त्यांनी मान हलवली. हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत असणार. त्यांनी इतकी वर्षं कोणाकडून तरी ते ऐकायचं टाळलं होतं.

शेवटच्या पानावर सही करायला त्यांना फार वेळ लागला. काकूंनी कागद धरून ठेवला.

अहवाल आम्ही कंपनीला पाठवला आणि सरकारी खात्याला पाठवला. मी एक प्रत त्या मुलीला, तिच्या जुन्या पत्त्यावर, सोबत चार ओळी लिहून पाठवली. चूक तुमची नव्हती, तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही. तिचं उत्तर आलं नाही. कंपनीकडून पोच आली, आपोआप येते तशी. खात्याकडून तीही नाही. सर दर भेटीत विचारत, "काही आलं?" मी नाही म्हणे. पावसाळा संपता संपता त्यांनी विचारणं बंद केलं, आणि नवरात्राच्या आधी ते गेले. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही दहाबारा माणसं होतो. खालच्या क्लासचे मास्तर आले होते. मला म्हणाले, "फार हुशार माणूस. माझी एक चूक त्यांनीच दाखवून दिली होती, मी तेव्हा मानली नाही."

यंदा उन्हाळ्यात मला एक फोन आला. मी कॉलेजच्या बसस्टॉपवर उभी होते. पलीकडून एक तरुण माणूस, हिंदी-इंग्रजीत बोलणारा. तो पट्टा आता दुसऱ्या कंपनीकडे गेला होता आणि ते जुने कागद चाळत होते. त्याला पहिला अहवाल मिळाला होता. दुसरा कुठे नव्हता. मी म्हटलं, मी पाठवते, लगेच पाठवते, आधी तो वाचा. संध्याकाळी घरी जाऊन पाठवला.

चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. त्याने सगळा वाचला होता, ग्लासाचे फोटोसुद्धा. त्याने नीट प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली, या वेळी सगळी, स्पष्ट. शेवटी तो म्हणाला, "पण मॅडम, आता फोडण्याचं तंत्र खूप पुढे गेलंय. पाण्याऐवजी दुसरं काही वापरता येतं. शक्यता शून्य आहे, असं तुम्ही म्हणाल का?"

जमिनीखाली दोन किलोमीटरवर काय आहे याबद्दल कोणीही भूगर्भतज्ज्ञ शून्य म्हणू शकत नाही. मलाही म्हणता आलं नाही. "शून्य नाही," मी म्हणाले, "पण खणू नका."

"समजलं," तो म्हणाला. "मी वरच्यांना सांगतो."

त्याने सांगितलं असेल. सभ्य मुलगा वाटला. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, की निर्णय झालाय, दिवाळीनंतर विहीर खणायची रिग तिकडे जाईल. खाली त्याने लिहिलं होतं, सॉरी मॅम. मी काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.